पाणी त्यांचं, काठ आमचा

नेव्ह गळ टाकून बसायचा तेव्हा
त्याचे बूट व्हिक्टोरियात असायचे
आणि गळ न्यू साउथ वेल्समध्ये.
मरे नदीचं असंच आहे :
दक्षिणेच्या काठाच्या माथ्यापर्यंत
सगळं पाणी पलीकडच्यांचं.
आमच्या वाट्याला गवत, निलगिरीची सावली
आणि डास.
डासांवर अजून कुणी हक्क सांगितलेला नाही.

परवाना तपासणारा पलीकडून होडीने यायचा.
"मासा कुठला ते त्यानं सांगितलं का तुम्हाला?"
नेव्ह विचारायचा.
दंड मात्र भरायचा. वेळेवर, कुरकुरत.

माझे वडील, क्लॅरी, ऑल्बरी स्टेशनवर हमाल.
मेलबर्नकडून येणारे रूळ रुंद, सिडनीकडून येणारे अरुंद.
देश एक झाला एकोणीसशे एक साली,
रुळांना कुणी कळवलंच नाही.
साठ वर्षं
अख्खी गाडी रात्री-अपरात्री इथं उतरायची,
झोपलेली पोरं खांद्यावर, पेट्या, घोंगड्या,
एकदा तर पिंजऱ्यातला काकाकुवा, शिव्या देत,
आणि तो संपता न संपणारा फलाट तुडवून
दुसऱ्या गाडीत चढायची.
वडील म्हणत, "मर्ल, ही देशाची शिवण.
इथं टोचतं, म्हणून आपली चूल पेटते."

बासष्ट साली एका मापाचे रूळ आले.
बँड वाजला. भाषणं झाली.
त्या रात्री वडिलांनी पितळी बिल्ला काढून
आईच्या सुयांच्या डब्यात टाकला.

मी वोडोंगाच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं.
फळ्यावर तीन रकाने :
केंद्राचं, राज्याचं, दोघांचं.
तिसरा दर वर्षी फळ्याबाहेर जायचा,
भिंतीवर उरलेला खडू शिपाई पुसायचा.

बोनेगिलाच्या छावणीतली मुलं मागच्या बाकांवर.
रेगुला म्हणाली, आमच्या खोऱ्यात
वर्षातून एकदा मैदानात उभं राहून हात वर करतात.
भर पावसातही.
"तुझी आईसुद्धा?"
"बायका नाही करत. आई खिडकीतून मोजते."

मग झ्लात्को उठला.
"आमच्याकडेही सहा आहेत, बाई. सहा प्रजासत्ताकं."
"वा, आमच्यासारखीच!" मी म्हटलं.
तो उभाच राहिला थोडा वेळ,
काही सांगायचं असल्यासारखा.
मी रकाना पुढे लिहीत गेले.

अठ्ठावीस वर्षांनी
टीव्हीवर त्यांच्याकडचा एक जुना दगडी पूल
गुडघ्यांतून गेल्यासारखा नदीत बसला,
आणि माझ्या हातातला चहा गार होईपर्यंत
झ्लात्को वर्गात उभा होता.

आमचा पूल पडला नाही.
दोन हजार वीसच्या जुलैमध्ये फक्त बंद झाला.
विषाणूला परवाना लागत नव्हता,
मला लागत होता.
नात टॅमसिन पलीकडे, ऑल्बरीत, दिवस भरलेली,
आणि बाळंतपणाचा वॉर्ड अलीकडे, आमच्यात.
ती कागद दाखवून आली, कागद दाखवून बाळंत झाली.
मला आत सोडलं नाही. तो नियम कुठल्या सरकारचा,
हे विचारायला मी तीन फोन केले.
तिघांनी दुसऱ्या दोघांचे नंबर दिले.
माझाच तिसरा रकाना.

दोन दिवसांची ती बाई,
व्हिक्टोरियात जन्मलेली,
मागच्या सीटवरच्या टोपलीत, काचेला परवाना चिकटवून
पूल ओलांडून आपल्या घरी गेली.
पोलीस पोरगा वाकून बघत होता.
त्यानं सॅल्यूट ठोकला म्हणे. टॅमसिन काहीही सांगते.

संध्याकाळी मी काठावर गेले,
नेव्ह बसायचा त्याच जागी.
मधे ते पाणी, सगळं त्यांचं,
नेहमीसारखं कुणाला न विचारता पश्चिमेला चाललेलं.
पलीकडे टॅमसिननं दुपट्यातून
एक हात शोधून काढला
आणि वर केला.

कुठल्या ठरावावर, कुणास ठाऊक.
मी मोजला.